धुतलेली नाणी

१९९५ सालचा डिसेंबर. बडोद्यात सुरसागर तलावाजवळच्या एका सभागृहात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. अहल्या टेलिफोन एक्स्चेंजमधली सकाळची पाळी संपवून दांडिया बाजारातल्या घरी चालली होती. फाटकावरचा कापडी फलक तिनं वाचला, दोन पावलं पुढं गेली, आणि मग वळून आत शिरली.

अहल्या एकोणपन्नास वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं. वीस वर्षं तिनं ट्रंककॉल जोडण्यात घालवली. आता नाक्यानाक्यावर एसटीडीचे पिवळे बूथ झाले, ट्रंक बुक करणारं कुणी उरलं नाही, तेव्हा तिला चौकशीच्या टेबलावर बसवलं होतं. घरात ती आणि वडील, दोघंच. वडील, पिलाजीराव, गेल्या पौषात वारले.

पिलाजीरावांचे आजोबा गायकवाडांच्या घोडदळात होते. त्या चाकरीचं घरात काहीच शिल्लक नव्हतं, ना तलवार, ना सनद. म्हणूनच की काय कोण जाणे, महसूल कचेरीत कारकुनी करता करता पिलाजीरावांनी बडोदे संस्थानची नाणी जमवायला सुरुवात केली. चाळीस वर्षांत एकशे बासष्ट. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूची पाकिटं करून प्रत्येक नाणं त्यांनी वेगळं ठेवलं होतं, आणि पाकिटावर मोडीत दोन-तीन ओळी लिहिल्या होत्या.

अहल्याला त्यांनी लहानपणीच शिकवलं होतं. "महाराजांच्या चेहऱ्याकडे बघ. भुवई आणि गालाचं हाड आधी झिजतं. ते शाबूत असेल तर नाणं फार फिरलेलं नाही." चांदीवर वर्षानुवर्षं जो निळसर तपकिरी काळेपणा चढतो, त्याला ते साय म्हणत. नाणं धुवायचं नाही, पुसायचंसुद्धा नाही, असा घरात दंडक होता. "दुधावरची साय उद्या पुन्हा धरेल," ते म्हणत. "नाण्यावरची धरायला माणसाचा जन्म जातो."

ते गेल्यावर कपाट उघडलं की तो नाण्यांचा डबा समोर यायचा आणि अहल्याचा हात तिथंच थांबायचा. धाकटा भाऊ विक्रमसिंह वासण्याला नव्या सोसायटीत फ्लॅट घेत होता. एक दिवस त्यानं चाचरत विचारलं, "ताई, आबांच्या नाण्यांचं काय करायचं?"

"ने इथून. मला डोळ्यांसमोर नकोत."

त्यानं नेली. मे महिन्यात एका दुपारी तिला एकाएकी असं वाटलं की त्यातलं एक तरी नाणं हातात घ्यावं. कुठलंही चालेल. तिनं त्याला फोन केला.

"सगळी गेली, ताई," विक्रम म्हणाला. "तूच म्हणालीस."

ते खरं होतं. खरं होतं म्हणूनच तिला त्याचा फार राग आला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

सभागृहात दहा-बारा टेबलं होती. परदेशाहून आलेले पाहुणे, नव्या कारखान्यांतले साहेबलोक टेबलांवर वाकून बघत होते. जुन्या वस्तूंना आता बरा भाव येत होता, त्यामुळे विकणारेही नवनवे उगवले होते. कोपऱ्यातल्या टेबलावर एक स्टीलचं मोठं ताट होतं आणि त्यात चांदीचे रुपये लख्ख चमकत होते, नुकत्याच घासलेल्या पेल्यांसारखे. मागे बसलेल्या गृहस्थांचं नाव ठाकोरभाई. आधी ते घड्याळं दुरुस्त करत, मग कॅसेटी विकत, आणि दोन वर्षांपासून नाणी.

अहल्यानं सहज एक रुपया उचलला. मागच्या बाजूला 'एक' या शब्दाखाली सुईच्या टोकाएवढा खड्डा होता. लहानपणी तापात पडली असताना आबांनी हाच रुपया तिच्या उशाशी ठेवला होता, आणि त्या खड्ड्यात नखाचं टोक फिरवत ती पडून राहायची. तेव्हा तो जांभळाच्या सालीसारखा होता. आता पांढराफटक.

तिनं दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळे तेच. चेहरे ओळखीचे होते, पण जणू कुणी त्यांना सोलून काढलं होतं.

"जुओ ने बेन, केवा चमके छे!" ठाकोरभाई म्हणाले. ती मराठी आहे हे ओळखून ते आपल्या गुजरातीमिश्रित मराठीवर आले. "एकदम नवा माल. यूएनसी."

यूएनसी म्हणजे टांकसाळीतून निघाल्यापासून कुणाच्या हातात न फिरलेलं नाणं. तसं असलं की किंमत आठ-दहा पट होते. रुपयावरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, अठराशे.

"हा यूएनसी नाही," अहल्या म्हणाली. "भुवई गेलीय बघा. गालाचं हाड सपाट झालंय. पुष्कळ फिरलाय हा. चमकतोय तो धुतल्यामुळे. कशानं धुतलात?"

"आमलीच्या पाण्यानं. चिंच. मग भांड्याची पावडर आणि ब्रश." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "सगळी काळी होती, बेन. कोण घेणार अशी? चार दिवस मी आणि घरवाळी बसून घासत होतो."

"आणि भाव कुणी सांगितला?"

त्यांनी एक झेरॉक्स केलेली यादी पुढं केली. मुंबईच्या कुठल्याशा व्यापाऱ्याची होती. "हे बघा. बडोदा रुपया, यूएनसी, अठराशे. मी काय घरून सांगतो?"

त्या माणसात लबाडी नव्हती, हे अहल्याला दिसत होतं. लबाड असता तर बरं झालं असतं, त्याच्यावर चिडता आलं असतं. तिनं रुपया ताटात ठेवला आणि मान वळवली. टेबलाच्या टोकाला एक पातेलं होतं. त्यावर पाटी, कोणतंही घ्या, दहा रुपये. झिजलेले पैसे, वाकडी दिडकी, गंजलेले बिल्ले. त्यांत एक लहानशी काळी चकती होती. घासून काही उपयोग नाही म्हणून फेकलेली.

ती चांदीची दोन आणी होती. तिच्यावर होता त्या संवताची दोन आणी आबांना चाळीस वर्षांत एकदाच मिळाली होती. पुढच्या कितीतरी दिवाळ्यांना ते ती पाकिटातून काढून नुसते बघत आणि परत ठेवत.

अहल्यानं दहाची नोट दिली. मूठ बंद केली. काही न बोलता ती बाहेर पडली आणि न्यायमंदिरापर्यंत जवळजवळ धावत गेली.

घरी खिडकीशी बसून तिनं ती दोन आणी तळहातावर ठेवली. उन्हं उतरत होती. साय तशीच होती, कडेला मोरपिशी, मध्ये गर्द. आबांनी शेवटची ठेवली असेल तशीच. त्यांच्या बोटांनंतर या नाण्याला कुणी मन लावून हात लावला नव्हता. अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिला आबा घरात असल्यासारखं वाटलं. आतल्या खोलीत, चष्मा पुसत. ती उठून बघायला गेली नाही, पण उठावंसं वाटलं.

मग कुकर लावताना तिला टोचायला लागलं. तिनं चोरी केली नव्हती. नाणं तिच्याच घरचं होतं. पण आबा नाणं घेताना आधी समोरच्याला सांगत की बाबा रे, तुझ्याजवळ हे आहे, याची किंमत एवढी आहे. सांगून मग घासाघीस करत. त्या स्वभावापायी किती नाणी त्यांच्या हातून गेली होती. आई त्यांना वेडं म्हणायची. अहल्याही म्हणायची.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर ती परत गेली आणि दोन आणी ठाकोरभाईंच्या पुढं ठेवली.

"काल मी ही दहा रुपयांना नेली. तुमच्या या अख्ख्या ताटाहून हिची किंमत जास्त आहे."

ठाकोरभाई हसले. "मजाक करता?"

"नाही."

हसू हळूहळू मावळलं. "तर काल का नाही बोललात?"

"काल बोलवलं नाही."

"आणि आज?"

"आज गप्प बसवलं नाही."

ठाकोरभाईंचा चेहरा लाल झाला. "बावीस हजार मोजले मी. बोटं सोलून घेतली घासून घासून. तुम्ही येऊन सांगता ताटातलं सगळं हलकं, आणि मी फेकलं तेच भारी? माझी मस्करी करायला आलात?"

शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. अहल्याचा आवाज लहान झाला. "मस्करी नाही. ही माझ्या वडिलांची नाणी आहेत. ताटातली सगळी."

ठाकोरभाई थांबले. मग म्हणाले, "विक्रमसिंहभाई तुमचे कोण?"

"धाकटा भाऊ."

"बसा." त्यांनी खुर्ची सरकवली. "ते आले होते परत. नवरात्रात."

"परत? कशाला?"

"बोलले, एक-दोन द्या. वडिलांची आठवण म्हणून. मी भाव सांगितला, अठराशे, दोन हजार. यादीत होता तोच. ते म्हणाले, भावाचं बघू, पण मला कळत नाही यातली कुठली कुठली. एकेक उचलत होते, उलटं करत होते, ठेवत होते. तासभर उभे होते, बेन. मी चहा मागवला तोही थंड झाला. मग तसेच गेले."

विक्रम आबांजवळ कधी नाण्यांसाठी बसला नव्हता. त्याला क्रिकेट, त्याला मित्र. डब्याकडे तो ढुंकूनही बघत नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. त्या ताटासमोर तो तासभर उभा आहे, असं चित्र तिच्यासमोर आलं आणि जाईना.

ठाकोरभाईंनी दोन आणी बोटानं तिच्याकडे सरकवली. "वेच्युं ते वेच्युं. एकदा विकलं ते विकलं. चूक माझी. पण मग एक काम करा माझं. या सगळ्यांवर खरे भाव लिहून द्या."

प्रदर्शन बंद होईपर्यंत ती लिहीत बसली. अठराशेचे दोनशे झाले. दोन हजारांचे अडीचशे. दर चिठ्ठीगणिक ठाकोरभाई सुस्कारा टाकत, पण चिठ्ठी काढून नवी लावत होते. एका नाण्यावर मात्र तिनं त्यांच्यापेक्षा जास्त किंमत लिहिली. तेव्हा त्यांनी तिलाच चहा पाजला.

रविवारी ती वासण्याला गेली. फोन केला नाही. रिक्षावाल्याला सोसायटीचं नाव सांगताना लक्षात आलं की भावाचं नवं घर तिनं अजून पाहिलंच नव्हतं.

दार राजेश्वरीनं, विक्रमच्या बायकोनं उघडलं. "वन्सं!" तिच्या तोंडून एवढंच निघालं, मग घाईघाईनं, "या ना, आत या. अहो, कोण आलंय बघा."

विक्रम वर्तमानपत्र हातात घेऊन आला आणि तसाच उभा राहिला. अहल्यानं रुमाल उलगडून दोन आणी टीपॉयवर ठेवली.

तो वाकला. "ही ओळखली," तो म्हणाला. "ही आबा दिवाळीत काढायचे." मग जरा थांबून, "ही काळी आहे म्हणून ओळखली, ताई. बाकीची..."

"मला सांगितलं ठाकोरभाईंनी."

त्यानं मान खाली घातली. बेचाळीस वर्षांचा माणूस, कानाशी केस पिकलेले. "मला वाटलं, आपण कुणातरी शौकिनाला देतोय. तो नीट ठेवेल. मला काय कळत होतं? जो आधी भेटला त्याला दिली."

"मीच ने म्हटलं होतं."

"हो, पण तू रडत होतीस तेव्हा. मी थांबायला हवं होतं."

तो आत गेला आणि कापडी पिशवी घेऊन आला. तिच्यात पाकिटं होती. लग्नपत्रिकांची, मोडीत लिहिलेली, सगळी रिकामी.

"त्याला नुसती नाणी हवी होती. ही टाकवली नाहीत. पण मला मोडी कुठं येते? तू बोलत नव्हतीस. दुसऱ्या कुणाला वाचायला द्यायची?"

अहल्यानं चष्मा लावला. पहिलं पाकीट हातात घेतलं. आबांचं अक्षर उजवीकडे कललेलं, शेवटचा शब्द नेहमी जागा न पुरल्यामुळे बारीक झालेला. ती वाचू लागली.

"'मांडवीखाली, दुर्गाबाई बोहारीण. रुपया. खरा भाव सांगितला, तरी विकते म्हणाली. मुलीची फी भरायची होती.'"

राजेश्वरी दाराशी होती ती येऊन खाली बसली.

"'सावली गावचा बाजार. सोबत अहल्या, वय नऊ. उन्हानं तिचा घोळणा फुटला. कांदा हुंगवला. एक पैसा, तांब्याचा.'"

"तुझा घोळणा आठवतो मला, सारखा फुटायचा," विक्रम म्हणाला. "वाच पुढं."

तिनं सात-आठ वाचली. मग एक पाकीट हातात घेऊन ती थबकली.

"काय आहे?"

"'चिरंजीव विक्रम झाला ती सकाळ. पेढे घ्यायला गेलो. हलवायाच्या सुट्ट्यांत चुकून आला. अर्धा रुपया. हा कधी कुणाला द्यायचा नाही.'"

विक्रम उठून गॅलरीत गेला. तिथूनच म्हणाला, "परत वाच."

तिनं परत वाचलं.

"ताटात होता का तो?"

"अर्धा रुपया एकही नव्हता ताटात."

"ठाकोरभाईला आठवेल, कुणाला दिला?"

"विचारू या."

विचारलं. ठाकोरभाईंनी कपाळाला हात लावला, जुनी वही काढली, पानं चाळली. नवरात्रात गरबा बघायला अमेरिकेहून आलेल्या एका कुटुंबाला त्यांनी चार-पाच नाणी एकत्र विकली होती. नाव लिहिलेलं नव्हतं. त्या घरात कुणाच्यातरी शोकेसमध्ये तो अर्धा रुपया असेल, किंवा एखाद्या चावीच्या साखळीला. त्यानंतर गरब्याचे दिवस आले की विक्रमला बाहेरगावच्या पाहुण्यांत उभं राहून विचारावंसं वाटे, तुमच्याजवळ एक अर्धा रुपया आहे का? एकदा त्यानं खरंच विचारलं. समोरचा गृहस्थ गोंधळून हसला आणि खिशातली मोड काढून दाखवू लागला.

पाकिटं वाचून संपत यायला नऊ रविवार लागले. अहल्या वाचायची, विक्रम देवनागरीत उतरवून घ्यायचा. शेवटच्या रविवारी एकच पाकीट उरलं होतं. ते विक्रमनं त्या दिवशी वाचू दिलं नाही. "पुढच्या खेपेला," तो म्हणाला. अहल्यालाही ते हवंच होतं. संपलं की आबांचं नवं काही ऐकायला उरणार नव्हतं. त्या पाकिटासाठी त्यांनी आणखी महिनाभर लावला.

पुढच्या तीन वर्षांत त्या दोघांनी चौदा नाणी परत घेतली. ठाकोरभाई वाजवी भावात द्यायचे, दुसऱ्या व्यापाऱ्यांकडे वाद घालावा लागे. एकानं झिजलेल्या रुपयाला काचेच्या डबीत घालून अडीच हजार सांगितले, आणि अहल्यानं भुवईचं सांगितल्यावर म्हणाला, बेन, महाराजांना भुवई नव्हतीच. परत आलेली नाणी आपापल्या पाकिटात गेली. जुन्या पिवळट कागदात ती फार पांढरी दिसत.

"यांच्यावर साय कधी येईल?" विक्रमनं एकदा विचारलं.

"येईल. आपल्याला दिसायची नाही."

१९९९ च्या जानेवारीत पुन्हा प्रदर्शन होतं. या खेपेला दोघं बरोबर गेली. ठाकोरभाईंच्या टेबलावर अर्ध्या भागात मोबाइलची कव्हरं मांडलेली होती, पण उरलेल्या अर्ध्या भागात नाणी होती, आणि काहींवर चक्क लिहिलं होतं, धुतलेलं. विक्रम पलीकडच्या टेबलाकडे गेला. अहल्या ठाकोरभाईंशी बोलत उभी राहिली.

एक जोडपं आलं. नवऱ्यानं एक रुपया उचलून उजेडात धरला. "ये अस्सल है क्या?" त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं.

"बेनना विचारा," ठाकोरभाई म्हणाले. "ते तुमच्याच मुलखाचे."

अहल्यानं नाणं न घेताच ओळखलं. महाराजांच्या पगडीवरून आडवी गेलेली केसासारखी बारीक रेघ. तीन वर्षं ती या रुपयाच्या शोधात होती. कुणाकुणाकडे फिरून तो ठाकोरभाईंच्या टेबलावर परत आला असावा. पाकीट घरी रिकामं होतं.

"आम्ही अकोल्याचे," बाई मोकळेपणानं सांगू लागली. "मी विमल. हे श्रीकृष्ण, रिफायनरीत असतात. पाच वर्षं झाली इथं येऊन. आता बदली होतेय पानिपतला. म्हटलं, बडोद्याचं काहीतरी न्यावं. मुलगी इथंच झाली ना आमची."

अहल्या त्या रुपयाकडे बघत राहिली. हात पुढं केला असता तर त्यांनी दिला असता. माझ्या वडिलांचा आहे म्हटलं असतं तर ठाकोरभाईंनी त्या दोघांना दुसरा काढून दिला असता. तोंडापर्यंत शब्द आले होते.

"अस्सल आहे," ती म्हणाली. "धुतलेलं आहे, म्हणून दोनशे. त्याहून जास्त देऊ नका. आणि आता काही झालं तरी घासू नका."

"देवाच्या भांड्यांबरोबरसुद्धा नाही?"

"नाही. काळं पडलं तरी पडू द्या."

श्रीकृष्णनं पैसे दिले. विमलनं नाणं रुमालात बांधलं, रुमाल पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन ओढली. दोघं आभार मानून गेली.

विक्रम परत आला तेव्हा अहल्या दाराकडे बघत होती. "ताई? काय झालं?"

"त्या दोघांनी नेला तो आपला होता."

"कुठला?"

"स्टेशनवर टांगेवाल्यानं दिलेला. आबा पुण्याहून परीक्षेत नापास होऊन आले तेव्हाचा."

"मग घेतला का नाहीस?" तो दाराकडे निघालासुद्धा. "थांब, अजून फार लांब गेली नसतील. मी बोलतो त्यांच्याशी."

"जाऊ दे, विक्रम."

"अगं, पण इतकी वर्षं..."

"जाऊ दे. त्यांनाही काहीतरी न्यायचंय इथून."

दोघं बाहेर आली. सुरसागरच्या कडेनं संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. पलीकडे ते जोडपं स्कूटरवर बसून रहदारीत फट शोधत होतं. विमलनं पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. फट मिळाली, स्कूटर निघाली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

त्यांना आणखी काही विचारायचं राहिलं असेल, ती परत येतील, असं अहल्याला उगाच वाटत राहिलं. ती थोडा वेळ तिथंच उभी होती. विक्रमनं घाई केली नाही.